रुखवतातले करकोचे

रुखवत या प्रकाराचा मला राग आहे, हे आधीच सांगून टाकते. लग्नाच्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात टेबलं लावायची, त्यावर नवरीकडच्यांनी मण्यांची तोरणं, लोकरीचे ससे, सुपारीचे भटजी आणि थर्माकोलची विहीर मांडायची, आणि नवऱ्याकडच्या बायकांनी रांगेनं येऊन प्रत्येक वस्तूला बोट लावून बघायचं. पूर्वी निदान ते सगळं नवरी आणि तिच्या मैत्रिणी स्वतः करायच्या. आता आमच्या संगमनेरात रुखवत भाड्यानं मिळतं. संध्याकाळी टेम्पो येतो आणि तेच ससे उचलून दुसऱ्या लग्नाला घेऊन जातो. माझा जन्म शाळेत चित्रकला शिकवण्यात गेला, त्यामुळे लग्नसराई आली की कुणी ना कुणी दारात यायचंच, "बाई, जरा रुखवताचं बघता का?" मी बघत नसे. एकदाच बघितलं, माझ्या भाचीच्या लग्नात, आणि त्याचा जो ताप झाला तो अजून उतरलेला नाही.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ राहात्याला असतो. पेरूची बाग आहे, गोठ्यात गाई आहेत, चार लोकांत नाव आहे. माणूस कष्टाळू आणि दिलदार, पण 'लोक काय म्हणतील' एवढे तीन शब्द ऐकले की त्याचं पाणी पाणी होतं. त्याची मुलगी कॉलेजसाठी संगमनेरला माझ्याकडे राहायला आली. मी एकटी, घर मोकळं, तिला एक खोली दिली. ती कॉमर्स शिकायला आली होती. माझी रंगांची कपाटं उघडून बसायला तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी थांबवलंही नाही.

शाळेत चित्रकलेला काय किंमत असते, ते मला विचारा. गणिताचा पोर्शन मागे पडला की चित्रकलेचा तास द्यायचा. पाहुणे आले की फलक रंगवायला चित्रकलेच्या बाई. परीक्षा जवळ आली की चित्रकलेची खोली बाकं ठेवायला. इतकी वर्षं हे सोसल्यावर घरात एक मुलगी आपणहून विचारते, "आत्या, हे पान कुणी काढलंय?" तेव्हा माणूस हुरळून जातं. मीही गेले.

माझ्याकडे कलेच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक होतं. त्यात चीन आणि जपान यांना मिळून थोडीच पानं दिली होती. भाचीनं ती पानं पाठ केली आणि एक दिवस वैतागून माझ्यासमोर आदळली. म्हणाली, "हे पंखे, हे घडीचे पडदे, ही लाखेवरची सोन्याची नक्षी, हे नक्की कुणाचं आहे? एका पानावर पक्षी आणि बांबू, खाली लिहिलंय चीन. पुढच्या पानावर तसाच पक्षी, तसाच बांबू, आणि खाली जपान. कुणीतरी कुणाचीतरी कॉपी केलीय."

मी म्हणाले, "कॉपी म्हणू नकोस. सासर-माहेर म्हण. मुलगी माहेरचा मसाला घेऊन सासरी जाते, तिथलं पाणी आणि तिथली चव बघून त्यात बदल करते. मग माहेरी आल्यावर आईच तिच्याकडून नवा मसाला शिकून घेते. कुणाचा मसाला म्हणशील?"

ते तिला पटलं. त्यानंतर आम्ही दोघी त्या देवाणघेवाणीच्या मागेच लागलो. घडीचा पडदा चीनमधून जपानात गेला. आधी त्याची प्रत्येक चौकट वेगळी असायची, प्रत्येकीत वेगळं चित्र. जपानी कारागिरांनी कागदाच्या बिजागऱ्या लावल्या, मधल्या पट्ट्या गेल्या, आणि एकच चित्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग वाहू लागलं. मग तेच सोनेरी पडदे भेट म्हणून चीनच्या दरबारात परत गेले. गोल पंखा चीनचा, घडीचा पंखा जपानचा, आणि पुढे तो घडीचा पंखा चीननं इतका आपलासा केला की आज लोक त्यालाच चिनी पंखा म्हणतात. लाखेचं काम जपाननं चीनकडून घेतलं, त्यावर सोन्याची भुकटी शिंपडायची रीत काढली, आणि ती रीत शिकायला चीनचे कारागीर जपानात गेले. पाइन, बांबू आणि प्लम ही तीन झाडं थंडीत टिकतात म्हणून चीनमधले पंडित त्यांना निष्ठेची खूण मानायचे. जपानात गेल्यावर हीच तीन झाडं लग्नाच्या शुभचिन्हांत जाऊन बसली.

"लग्नाच्या?" भाचीनं विचारलं होतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तिचं लग्न ठरलं घोडेगावकडच्या एका घरात. मुलगा नगरला कंपनीत नोकरीला, घरी शेती आणि जनावरांचा व्यापार, माणसं बरी. भाचीनं जाहीर केलं की रुखवतात भाड्याचे ससे येणार नाहीत. रुखवतात एकच वस्तू असेल, घडीचा पडदा, कमरेइतका उंच, सहा पानांचा, आणि तो ती स्वतः करेल. साखरपुडा आणि लग्न यांच्यामध्ये मुलाच्या आजोबांचं वर्षश्राद्ध येत होतं, त्यामुळे वेळ भरपूर होता. माझी मागची खोली आम्ही त्या पडद्याला देऊन टाकली.

आता सोनं कुठून आणायचं? जपानी पडद्यांना मागे सोन्याचा वर्ख असतो. आमच्या सोन्याची सोय पोळ्याच्या दुकानात झाली. बैलांच्या शिंगांना लावायचं सोनेरी बेगड, त्याचे चौकोन कापून शेजारी शेजारी चिकटवायचे, आणि एकमेकांवर चढलेल्या कडांच्या रेषा दिसू द्यायच्या, कारण तिकडच्या जुन्या पडद्यांवरही त्या तशाच दिसतात. भाऊ पेरूच्या पाट्या घेऊन आला तेव्हा हे चाललं होतं. दारात उभा राहून बघत म्हणाला, "हे काय, बैलांची शिंगं मढवायची हायेत का?" आम्ही हसलो. तोही हसला. तेव्हा त्याला काही खुपत नव्हतं.

पाइन आमच्याकडे नाही. कॅनॉलच्या कडेला सुरूची झाडं आहेत, त्यांच्यावर हात बसवला आणि मग चित्रं बघून फांद्या दुरुस्त केल्या. बांबू कुणाच्याही बांधावर मिळतो. खरी पंचाईत केली करकोच्यांनी. पडद्यावर करकोच्यांची जोडी उडत जायला हवी होती, दीर्घायुष्याची खूण म्हणून. ही खूणही चीनमधून निघालेली आणि जपानात लग्नाच्या कपड्यांवर जाऊन बसलेली. भाचीनं पहिले करकोचे काढले ते मान मुडपून उडणारे. मी म्हणाले, "हे बगळे झाले. बगळा मान दुमडून उडतो, करकोचा मान ताणून." तिला खरं वाटेना. थंडीत धरणाच्या फुगवट्यावर करकोचे उतरतात, तिथं आम्ही दोघी स्वेटर घालून काठावर बसलो. थवा डोक्यावरून गेला. सगळ्यांच्या माना ताठ. परतताना भाची एसटीत खिडकीच्या धुळीवर बोटानं माना काढत होती, आणि घरी आल्यावर तिनं ते पान पूर्ण खरवडून पुन्हा केलं.

कडेला वेल काढायची होती. ती वळणावळणाची वेल जपानात ज्या नावानं ओळखतात, त्या नावातच चीन आहे, आणि चीनमध्ये ती गेली आपल्याच बाजूच्या वाटांनी. भाचीनं ती पुस्तकातली काढायला घेतली खरी, पण दोन वळणांनंतर ती आपोआप आमच्या तुळशीसमोरच्या रांगोळीची वेल झाली. मी तशीच राहू दिली. तिकडे पडद्याच्या कडा जरीच्या कापडानं मढवतात. त्यासाठी मी माझ्या जुन्या पैठणीचे काठ कापून दिले. साडी मधे विरली होती, काठ मात्र शाबूत होते. शेवटी पडदा उभा राहिला. शाळेत इतक्या मुलांच्या पाठी थोपटल्या, पण एवढं काम माझ्या हातूनही झालं नव्हतं. मला अभिमान वाटला, आणि थोडा हेवाही वाटला.

आता भावाकडे येते. आमच्या भागात चीन आणि जपान हे देश म्हणून कुणाला फारसे माहीत नाहीत, माल म्हणून माहीत आहेत. दुपारी घेतलं आणि संध्याकाळी बंद पडलं की ते 'चायना'. वडिलांच्या वेळेपासून चालतंय आणि अजून मोडत नाही, ते 'जपानी'. पाण्याच्या मोटारीपासून बॅटरीपर्यंत हाच निकाल. लोणचं ठेवायची बरणी चिनी मातीची आणि ती पिढ्यान् पिढ्या टिकते, हे कुणाच्या लक्षात येत नाही. भाचीनं पडद्याशेजारी ठेवायला सुंदर अक्षरात कागदाची एक पाटी लिहिली होती, 'चीन आणि जपान या देशांच्या सजावटकलेवरून. हस्तकला: नवरी.' भावानं ती वाचली आणि त्याचा चेहरा उतरला.

"त्ये चीन काढून टाक," तो म्हणाला. "लोकं म्हनतील, चायना माल ठिवलाय रुखवतात."

"पप्पा, पडदा तिकडूनच आलाय. बांबू, करकोचे, सगळं तिकडून निघालंय. नुसतं जपान लिहिलं तर खोटं होईल."

"मंग कायबी लिहू नको."

भाची म्हणाली, पाटी राहील. तो गप्प बसला. माझा भाऊ गप्प बसला की त्यानं ऐकलं असं समजायचं नसतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी त्या दिवशी मी समजले.

लग्न संगमनेरच्या बाहेर हमरस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात होतं. सकाळी मी आणि भाचीच्या मैत्रिणींनी पडदा टेबलावर नागमोडी उभा केला, पाटी ठेवली, आणि मी अक्षतांची व्यवस्था बघायला गेले. परत आले तेव्हा पाटी नव्हती. मी टेबलाखाली वाकून शोधत होते, तेवढ्यात नवरदेवाचे मामा आले. बरोबर सात-आठ माणसं, आणि त्यांच्यामागे हात जोडून माझा भाऊ. मामांनी पडद्याचं एक पान हातात धरून मागच्या बाजूनं बघितलं. वर बघितलं, खाली बघितलं. स्टिकर शोधत होते.

"चायनाचं दिसतंय," मामा म्हणाले. "ऑनलाइन मिळतं आता असलं."

मी सरळ उभी राहिले. सांगणार होते. पण भाऊ माझ्या आधी बोलला.

"चायनाचं? अवो मामा, वरिजनल जपान हाय ह्ये. मुद्दाम मागिवलंय पोरीसाठी."

मामांनी ते पान हळूच सोडलं आणि पडदा दोन्ही हातांनी होता तसा लावून ठेवला. मग बरोबरच्या माणसांना म्हणाले, "हात नका लावू रे, जपानी हाय." ती माणसं मागे सरकली. माझ्या भावाची छाती त्या क्षणी फुगली ती मी डोळ्यांनी पाहिली.

मी त्याला दंडाला धरून आचाऱ्यांच्या बाजूला नेलं. तिथं कढईत बुंदी पडत होती, कुणाचं लक्ष नव्हतं.

"काय बोललास हे तू?"

"आक्का, हळू बोल."

"पोरगी वर्षभर पाठ मोडून बसली, आणि तू म्हणतोस मागवलं? पाटी कुठंय?"

त्यानं शर्टाच्या खिशावर हात ठेवला. पाटी घडी घालून तिथं होती.

"मंग काय सांगू?" तो म्हणाला. "पोरीनं घरी बसून केलं म्हनू? बैलाच्या बेगडाचं हाय म्हनू? म्हनतील, बापाला इकत घ्यायला झालं न्हाई, म्हनून पोरीला कामाला लावलं. तुला कला कळती आक्का. हितं किती जनाला कळती?"

मी म्हणाले, "तू सांगितल्याशिवाय कशी कळणार?" पण तेवढ्यात कुणीतरी 'मुलीच्या वडिलांना बोलवा' म्हणून ओरडत आलं आणि तो सुटला. मला इतका संताप आला होता की हातातल्या अक्षता मुठीत चिरडल्या गेल्या. त्याच्या म्हणण्यात आमच्या गावाचं सत्य होतं, म्हणून जास्त संताप आला. घरी केलेलं म्हणजे गरिबीचं, आणि मागवलेलं म्हणजे मानाचं. हाताला किंमत नाही, आणि खोक्याला आहे.

भाची मुंडावळ्या बांधून आतल्या खोलीत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. तिनं फक्त एवढंच विचारलं, "पप्पा असं म्हणाले?" मग मुंडावळ्या सारख्या करत म्हणाली, "राहू दे आत्या. आज नको." मीही म्हटलं, ठीक आहे. मांडवातलं खोटं मांडवातच राहील, अशी माझी समजूत.

कसलं राहतंय. खोटं सासरी गेलं आणि चांगलं बाळसं धरलं. आधी पडदा नुसता मागवलेला होता. महिन्याभरात तो पुण्याच्या कुणा ओळखीच्या माणसामार्फत आला. मग कळलं की जपानात एका म्हाताऱ्या कारागिरानं तो केला. हे सगळं मला भावाच्याच तोंडून कळायचं. घोडेगावला जनावरांच्या बाजाराला तो जायचा, जाताना लेकीकडे जेवायला थांबायचा, आणि तिथं नवीन भर घालून यायचा. पुढे भाचीच्या नणंदेचं लग्न निघालं. सासरच्यांनी त्याला विचारलं, आमच्या पोरीलाही असाच पडदा द्यायचाय, दुकानाचा पत्ता द्या. भाऊ काय म्हणाला? "ती कंपनी बंद पडली." हे ऐकून मी पोट धरून हसले, आणि हसू ओसरल्यावर इतकी चिडले की आठवडाभर त्याचा फोन घेतला नाही.

दुसरा पडदा करू शकणारी एकच व्यक्ती होती आणि ती त्याच घरात भाकरी थापत होती. मी भाचीला फोनवर म्हणायचे, "अगं, कागद घे, रंग घे, काहीतरी काढ. छोटं काढ." ती म्हणायची, "वेळ नसतो आत्या." मी भावाबरोबर कुंचले आणि रंगांची पेटी पाठवली. पुढच्या वेळी तो तीच पेटी परत घेऊन आला. म्हणाला, तिला नको आहे म्हणे. तेव्हा मी तिच्यावरही रागावले. माझ्या वर्गात किती मुली होत्या ज्यांच्या हातात जादू होती. लग्नानंतर बाजारात भेटल्या की मी विचारते, काढतेस का काही? त्या पिशवी या हातातून त्या हातात घेतात आणि हसतात. मला वाटलं, हीसुद्धा त्यातलीच निघाली. एवढं शिकवलं ते पालथ्या घड्यावर पाणी.

संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला तिच्या सासूबाईंनी मला आग्रहानं बोलावलं. गाड्या बदलत मी घोडेगावला पोचले. दारात रांगोळी होती, पण हातानं काढलेली नाही. छापाची. चाळणीतून रंग पाडायचा, तसली. मी ती ओलांडून आत गेले आणि समोर पडदा.

नागमोडी उभा ठेवायचा पडदा त्यांनी सरळ ताणून भिंतीला खिळ्यांनी ठोकला होता. वर जाड प्लॅस्टिक चढवलं होतं, धूळ बसू नये म्हणून. बिजागऱ्यांच्या जागी खिळे. करकोच्यांच्या माना प्लॅस्टिकच्या सुरकुत्यांत वाकड्या दिसत होत्या. मला बसायला खुर्ची दिली, पण मी पडद्यासमोर उभीच राहिले.

हॉल बायकांनी भरला होता. विहीणबाई एकेकीला पडद्यापाशी नेऊन दाखवत होत्या. बाई तशा प्रेमळ, मोठ्यानं बोलणाऱ्या, माझा हात धरून त्यांनी मला सगळ्यांसमोर मानानं बसवलं. "जपानचा हाय," त्या सांगत होत्या. "आमच्या व्याह्यांनी मागिवला. आता मिळत बी न्हाई." एक म्हातारी प्लॅस्टिकला नाक लावून बघत होती. ती म्हणाली, "ह्यो काठ तर पैठनीचा दिसतोय."

"तिकडं बी असंच इनत्यात," विहीणबाई म्हणाल्या.

मी भाचीकडे पाहिलं. ती तिळगुळाचं ताट घेऊन फिरत होती. तिनं मान वर केली नाही.

मग कुणीतरी सहज विचारलं, "मॅडम, तुमी चित्रकलेच्या. भाचीला बी कला आली असंल की तुमची?"

मी उत्तर द्यायच्या आधी विहीणबाई हसल्या. "कुठली ओ. हिला साधी रांगोळी येत न्हाई. शेवटी मीच छाप आनून दिले. म्हनलं, आत्या चित्रकलेची मॅडम आन् भाचीचा हात असा कसा? पर बाकी गुनाची हाय पोरगी, काई तक्रार न्हाई."

सगळ्या हसल्या. त्यात कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं.  रांगोळी येत नाही. या मुलीला. मी उठून उभी राहिले.

"हा पडदा हिनं केलाय," मी म्हणाले. "जपानातून आलेला नाही. माझ्या घरी, मागच्या खोलीत केलाय. ते सोनं पोळ्याचं बेगड आहे. तो काठ माझ्या पैठणीचा आहे. करकोचे, झाडं, वेल, एकूण एक रेघ हिची आहे."

 विहीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांचा चेहरा मायेनं भरून आला. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "घेनारच की भाचीची बाजू. घ्यावीच. मी बी गमतीनं बोलले, मॅडम, वाईट वाटून घिऊ नका."

"मी बाजू घेत नाहीये. तिला विचारा."

सगळ्यांनी भाचीकडे पाहिलं. मीही पाहिलं. आता ती बोलणार, याची मला खात्री होती. तिनं ताट डाव्या हातावर पेललं, उजव्या हातानं पदर सारखा केला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "आत्या चेष्टा करतेय."

हॉलभर हसू पसरलं. हायसं वाटल्यासारखं हसू. मी खाली बसले. विहीणबाईंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि गोड बोलायला सांगितलं.

थोड्या वेळानं मी पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले. भाची वाणाच्या वाट्या ताटात लावत होती. मी दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "मला सगळ्यांसमोर खोटं पाडलंस. का?"

तिनं वाट्या लावणं थांबवलं नाही. "पप्पा बाजाराला आले की इथं येतात," ती म्हणाली. "सासरे त्यांना त्या पडद्यासमोरच्या खुर्चीवर बसवतात. आल्यागेल्याला सांगतात, हे आमचे व्याही, ह्यांनी मागवलाय. पप्पा तेव्हा कसे बसतात, तू बघितलं नाहीस. आपल्या घरीसुद्धा ते तसे कधी बसले नाहीत. ते इथं खाली मान घालून जेवलेले मला बघवणार नाही."

"म्हणून तू रांगोळीही काढायची नाहीस?"

"सुरुवातीला काढली एकदा. वेल तशीच वळली, आत्या. पडद्यावर आहे तशीच. मी घाईघाईनं पुसली. मला दुसरं वळण येतच नाही. इथं येणारी प्रत्येक बाई आधी दारातली रांगोळी बघते आणि मग पडदा. कुणीतरी ओळखलं असतं."

मला भावाचा राग आला. लग्नातल्या त्या मामांचा आला, प्लॅस्टिकचा आला, माझा स्वतःचा आला, कारण रंगांची पेटी परत आली तेव्हा मी या मुलीला मनात पालथा घडा ठरवलं होतं. मी म्हणाले, "आणि तुझं काय?"

"माझं काय. मला येतंय ते मला माहीत आहे की." ती हसली. मग हातातली वाटी खाली ठेवून तिनं उजव्या हाताची बोटं एकदा उघडली आणि मिटली. बोटांना तीळ चिकटले होते. "ते जात नाही ना गं, आत्या?"

जातं. आधी कुंचल्याचा दाब जातो, मग मनगटाचं वळण, मग लांब रेघ एका दमात ओढायचा धीर, आणि एक दिवस कागद समोर असतो आणि हात परक्याचा असतो. वर्गात मी हे घसा कोरडा होईपर्यंत सांगत आले. बाहेरून विहीणबाईंनी तिला हाक मारली, वाण घेऊन ये गं, बायका खोळंबल्यात. ती हललीच नाही, माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"जात नाही," मी म्हणाले.

तिनं ताट उचललं आणि बाहेर गेली.